पाण्याची चाहूल

माळावरून एकट्यानं चालताना पायाखाली काहीतरी जिवंत आहे असं वाटतं, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. कुणी त्याला शक्ती म्हणतं, कुणी स्पंदनं. आमच्या अंबडकडं त्या अदृश्याचं नाव एकच, पाणी. ते हुडकणारा तो पाणाडी. आमच्या घरात बोली दखनी. पण जमिनीचे सारे शब्द मराठीच: मुरूम, चुनखडी, झिरा, पाझर.

अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून देवीचं हे नाव. दुष्काळी मुलखातल्या टेकडीत लोकांना मासा दिसावा, यातच पाण्याची ओढ आली. यंदाच्या वैशाखात मी पहाटे टेकडी उतरून एकटाच दक्षिणेला, गोदावरीच्या अंगानं चालत निघालो. नांगरून पडलेली काळी रानं, मध्येच मुरमाड माळ. एका ओघळीच्या वळणावर अंगावर शहारा आला. मन म्हणालं, इथं पाणी आहे. मग नीट पाहिलं: उंबराचं झाड, पलीकडं वारूळ आणि बांधाला भर उन्हाळ्यात हिरवी हरळी.

शहारा आधी, खुणा नंतर. पण डोळ्यांनी त्या आधीच टिपल्या असणार. मनाला उशिरा कळलं इतकंच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी शोधण्यावर आख्खा अध्याय लिहिलाय. त्यातही झाडं आणि वारुळं हीच पाण्याची खूण.

पाणाडी हातात दुबेळक्याची काठी घेऊन किंवा तळहातावर नारळ ठेवून शिवार फिरतो. काठी वळली, नारळ उभा राहिला, की जागा ठरली. तो लबाडी करतो असं नव्हे. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरनं 1852 मध्येच मांडलं. जर्मनीत 1987-88 मध्ये म्युनिकजवळ एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ सरकवत ठेवून वर 43 पाणाड्यांची परीक्षा घेतली. आठशेहून अधिक चाचण्या झाल्या. घेणाऱ्यांना त्यात मोजके जाणकार दिसले. तेच आकडे तपासणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकाला निव्वळ योगायोग दिसला.

आपल्या खडकाचं गणितही वेगळं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर, तो हा काळा पाषाण. त्याच्या पोटात नद्या वाहत नाहीत. पाणी असतं ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरांत. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि हाकेच्या अंतरावर नुसता फुफाटा उडतो. लागलेलं बोअर गावभर सांगितलं जातं, कोरडं गेलेलं घरातच राहतं.

2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. माझ्या नात्यातल्या एकानं नारळ उभा राहिला तिथं बोअर घेतलं. धूळ निघाली. मग दुसरं, तिसरं. झाडं गेली, कर्ज राहिलं. पाणाडी आपली बिदागी घेऊन पुढच्या गावाला गेला होता.

मी कवी माणूस. शहाऱ्यावर माझा विश्वास आहे. कवितेची ओळ तिथूनच येते. पण शहारा आला म्हणून सावकाराच्या दारात जाऊ नये. बोअरची गाडी बोलावण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला रान दाखवावं. दिवाळीत आणि पुन्हा वैशाखात विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी, वहीत लिहून ठेवावी. खालच्या पाण्याला बांध ठाऊक नसतो. आपण खोल गेलो की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. ओघळीवर दगडी बांध घालून पाऊस अडवला, तर आपल्याबरोबर त्याच्याही विहिरीला पाझर लागेल. हे सगळं करून मग खुशाल एकट्यानं माळावर फिरावं. तिथली चाहूल ऐकायला पैसे पडत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)