चव जिभेची की नाकाची?

पडसे आले म्हणजे आपण काय म्हणतो? "तोंडाला चव नाही." गंमत अशी की, त्या वेळी जीभ अगदी ठणठणीत असते, बंद झालेले असते ते नाक!

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. दोन चिमटी पिठीसाखर घ्यावी. एकीत थोडी वेलदोड्याची पूड मिसळावी, दुसरीत अगदी किंचित जायफळाची. मुलाला डोळे मिटून, नाक घट्ट धरून दोन्ही चाखायला सांगावे. "दोन्ही गोडच, गुरुजी!" असे तो म्हणेल. मग नाक सोडायला सांगा. वेलदोडा कोणता नि जायफळ कोणते, हे त्याला लगेच कळेल.

याचे कारण असे, की जिभेला मूळ चवी मोजक्याच कळतात. गोड, आंबट, खारट, कडू या चार. आणि पाचवी 'उमामी', जी जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्श्यात ओळखली. आणि तिखट? मिरची झोंबते ती उष्णता नि वेदना जाणणाऱ्या तंतूंना. म्हणूनच मिरचीचा हात लागला की डोळाही झोंबतो. डोळ्याला का चव कळते? आणखी एक सांगतो. शेंड्यावर गोड, मागे कडू, असा जिभेचा नकाशा पुष्कळांनी पाठ केला आहे. तो चुकीचा आहे. या सगळ्या चवी जिभेच्या सर्व चवग्राही भागांवर कळतात.

बाकीचे काम नाकाचे. घास चावताना त्याचा वास घशामागच्या वाटेने नाकाच्या छपराशी पोचतो. तेथील गंधपेशींवर सुमारे ४०० प्रकारची ग्राहके असतात. जणू ४०० कुलुपेच म्हणा ना! एकेक वास त्यांतली काही कुलुपे उघडतो, आणि कोणती उघडली यावरून मेंदू वास ओळखतो. थोड्या अक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत, तसेच हे. या ग्राहकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली जाहीर केला. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता घरची गोष्ट. सत्तरी उलटल्यावर आमची आई रोज म्हणू लागली, "आमटी अळणी झालीय." आम्ही मनात म्हणायचो, म्हातारपणी माणूस कुरकुरायचंच. एके दिवशी ती चुलीशेजारी बसलेली असताना दूध करपले. घरभर वास सुटला, आणि तिला पत्ताच नव्हता! तेव्हा आमचे डोळे उघडले. आई कुरकुरत नव्हती. तिचे नाक थकले होते.

वयाबरोबर पुष्कळांचे असे होते. २०२० नंतर कोविडच्या साथीत तर तरुणांचाही वास गेला. बऱ्याच जणांचा परत आला, काहींचा रेंगाळला. अशा माणसाला विटलेली भाजी कळत नाही, धूर कळत नाही. आज खेडोपाडी गॅस आला आहे. त्याला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. ज्याला वासच येत नाही, त्याला ही सूचना कशी पोचणार?

तेव्हा घरातले वडीलधारे "चव नाही" म्हणाले, तर रागावू नका. त्यांना डोळे मिटायला सांगून हिंग हुंगायला द्या. ओळखता आला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या पानात मीठ न वाढवता लिंबू पिळा, आणि रात्री गॅसची कळ बंद आहे ना, हे तुम्ही स्वतः पाहा. त्यांच्यासाठी एवढे आपल्या नाकाने करायला काय हरकत आहे?