अफूचा जमाखर्च

मादक द्रव्यांचा चोरटा व्यापार म्हटला कीं, पिस्तुलें आणि मध्यरात्रीच्या झडत्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. या व्यापाराला जगानें जो मोठा शह दिला, त्याचें मुख्य साधन मात्र अगदींच रुक्ष होतें : जमाखर्चाची वही.

मुळांत हा व्यापार चोरटा नव्हताच. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून राजरोस चीनला जाई. तिच्यावरील करानें सरकारची तिजोरी भरे आणि आपल्या शहरांतील कांहीं घराणीं याच पैशावर नांवारूपास आलीं, हें सांगण्यास संकोच कां वाटावा? पुढें १९०९ सालीं शांघाय येथें तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले आणि १९१२ सालीं हेग येथें पहिला करार झाला. चीनकडे जाणारी हिंदुस्थानची अफू १९१३ सालीं थांबली.

परंतु तोंवर रोगानें रूप पालटलें होतें. अफूपासून मॉर्फिन निघालें आणि मॉर्फिनपासून हेरॉइन. हें हेरॉइन १८९८ सालीं चक्क खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आलें! युरोपांतील परवानाधारक कारखाने औषधाच्या गरजेहून कितीतरी अधिक माल काढीत आणि वरचा माल मागल्या दारानें चोरट्या व्यापाऱ्यांकडे जाई. यावर १९२५ सालीं जिनीव्हा येथें ठरलें कीं, माल मागविणाऱ्या देशाच्या सरकारचा दाखला असल्यावांचून निर्यात होऊं नये. १९३१ च्या करारानें प्रत्येक देशाला आपली वर्षाची औषधी गरज आगाऊ कळविण्यास सांगितलें आणि कारखान्यांचें उत्पादन त्या बेरजेपुरतें बांधून टाकलें. जो देश अंदाज पाठविणार नाहीं, त्याचा अंदाज जिनीव्हाचें मंडळच करी. गृहपाठ न आणणाऱ्या मुलाचे गुण मास्तरांनीं स्वतःच ठरवावे, तसा हा प्रकार. मला तो फार आवडतो. कारखान्यांतली गळती यामुळें पुष्कळच आटली. १९६१ च्या करारानें हीच पद्धति पुढें चालविली असून तिची वही आज व्हिएन्ना येथें ठेविली जाते.

पण गुप्त कारखाना कोणास अंदाज पाठवितो? तेव्हां १९८८ च्या करारानें दुसऱ्या टोकास हात घातला. मॉर्फिनचें हेरॉइन करण्यास अॅसिटिक अॅनहायड्राइड लागतें. तेंच अॅस्पिरिनलाहि लागतें, म्हणून त्यावर बंदी घालतां येत नाहीं. त्याच्या विक्रीवर मात्र पाळत ठेवतां येते. बँकेची गुप्तता ही सबब चालणार नाहीं, असेंहि त्याच करारानें बजावलें.

हा पैशाचा माग काढण्यांत सिसिलीचे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने अग्रेसर होते. माफिया टोळीचे गुन्हे त्यांनीं बँकांच्या कागदांतून उकलले. १९९२ च्या मे महिन्यांत पालेर्मोजवळ सुरुंग लावून त्यांचा खून झाला; दोनच महिन्यांनीं त्यांचे सहकारी बोर्सेल्लिनो यांचाहि. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या करण्यास राष्ट्रांचे प्रतिनिधि २००० सालीं जमले, ते याच पालेर्मोंत.

आपल्या किनाऱ्यावरचें उदाहरण २०२१ चें आहे. गुजरातच्या मुंद्रा बंदरांत सुमारें ३००० किलो हेरॉइन सांपडलें. अफगाणिस्तानांतून इराणमार्गें आलेल्या त्या मालास कागदोपत्रीं नांव होतें शंखजिऱ्याचें. असे कंटेनर बंदरांत रोज शेंकड्यांनीं उतरतात. प्रत्येक फोडून पाहूं म्हटलें तर व्यापारच थांबेल. म्हणून सीमाशुल्काचे अधिकारी प्रथम कागद वाचतात. माल कोणाचा, कोठून आला, पूर्वीं या व्यापाऱ्यानें काय मागविलें होतें, हें ताडून पाहतात, आणि जेथें मेळ बसत नाहीं तेथेंच कुलूप काढतात.