राहण्याजोगे नगर कोणासाठी?

(सांता क्लारा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संयोजकांनी या वर्षी आम्हांस ‘पर्यावरण आणि नगरजीवन’ हा विषय दिला आहे. झाडे, सायकलींच्या वाटा, सौरऊर्जा यांविषयी येथील जाणकार अधिक अधिकाराने बोलतील. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील. आमचा प्रश्न साधा आहे. स्वच्छ पाणी, मोकळी हवा, सूर्यप्रकाश, सांडपाण्याचा निचरा आणि डोक्यावर छप्पर या पाच गोष्टी नगरात कोणाच्या वाट्याला येतात आणि कोणाच्या येत नाहीत? रोग्याचा पत्ता विचारला की या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळते.

आपल्या पूर्वजांचा पत्ता एकच होता : गावकुसाबाहेर. महाराष्ट्रातील अनेक गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेस असे. वारा बहुतांशी पश्चिमेकडून वाहतो. वस्तीवरून गेलेला वारा गावात शिरू नये, ही त्यामागची योजना. मेलेली जनावरे ओढून गाव स्वच्छ ठेवणारा समाज स्वतः दुर्गंधीत राही, आणि गावच्या पाण्यास त्याचा हात लागणे हा विटाळ मानला जाई. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कागदोपत्री ते तळे खुलेच होते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला होता, महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून ठराव केला होता. पाणी होते, ठराव होता. हक्क मात्र पायी चालत जाऊन घ्यावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले. सार्वजनिक सोय असणे निराळे आणि ती सर्वांची असणे निराळे, हा महाडने नगररचनेस दिलेला धडा होय.

खेडे सोडून आपले लोक मुंबईस आले. तेथे १८९६ साली प्लेग आला आणि दाट वस्त्यांत हवा व उजेड खेळावा म्हणून १८९८ साली सरकारने सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. परंतु या ट्रस्टने जितक्यांची घरे पाडली तितक्यांना नवी दिली नाहीत. त्याच ट्रस्टच्या परळ येथील चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे संसार केला व विद्याव्यासंगही केला. आजही हा प्रश्न मिटलेला नाही. गोवंडी-मानखुर्द परिसरातील पुनर्वसनाच्या इमारतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. इमारती एकमेकींस इतक्या खेटून बांधलेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. अशा दोन वसाहतींत साधारण दहांमागे एकास क्षयरोग आढळला. त्याच भागातील अधिक मोकळ्या वसाहतीत हे प्रमाण शंभरांमागे एक होते. क्षयाचे जंतू बंद हवेत तरंगत राहतात, खेळत्या हवेत विरळ होतात आणि उन्हात मरतात. अशा ठिकाणी खिडकी हेच औषध असते. पक्के घर दिले म्हणजे राहण्याजोगे घर दिले, असे होत नाही.

अमेरिकेत तरी हे निराळे असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपण आज ज्या खोऱ्यात जमलो आहोत ते एके काळी जर्दाळू, आलुबुखार व चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. त्या बागांत राबणारी मेक्सिकन कुटुंबे पूर्व सान होजेच्या एका वस्तीत राहत. पावसाळ्यात तिचे कच्चे रस्ते चिखलाने भरून जात. तिचे नाव ‘साल सी पुएदेस’, म्हणजे ‘जमल्यास निसटून जा’. पुढे बागा गेल्या, चिपांचे कारखाने आले. धुराडे नाही म्हणजे घाण नाही, अशी समजूत होती. परंतु १९८१ च्या अखेरीस सान होजेत एका कारखान्याच्या भूमिगत टाकीतून गळालेले द्रावक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचल्याचे उघड झाले. केंद्र सरकारच्या ‘सुपरफंड’ यादीत या काउंटीतील २३ जागांची नोंद झाली. आणि २०२१ साली काउंटीने करविलेल्या अभ्यासात, पूर्व सान होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळालगतच्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक असल्याचे दिसून आले. काउंटीने २०२२ च्या आरंभापासून तेथे शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबविली. वाऱ्याखाली कोण राहतो, हा प्रश्न येथेही सुटलेला नव्हता.

ही कुटुंबे तेथेच का राहिली? याचे उत्तर खरेदीखतांत आहे. या काउंटीने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने जुने दस्त संगणकाकडून तपासून घेतले. गोरेतरांस घर विकू अथवा राहू देऊ नये, अशा अटींचे ७,५०० हून अधिक दस्त सापडल्याचे २०२४ साली जाहीर झाले. ‘आशियाई’ हा शब्दही अशा अटींत येत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली अशा अटींची अंमलबजावणी बंद केली, तरी भेदभाव चालूच राहिला. बर्कलेचे कृष्णवर्णीय आमदार बायरन रमफर्ड, व्यवसायाने औषधविक्रेते, यांनी १९६३ साली घरविक्रीतील भेदभावास बंदी करणारा कायदा संमत करविला. पुढच्याच वर्षी राज्यातील सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो निष्प्रभ करण्याचा कौल दिला. तो कौल घटनाबाह्य असल्यावर १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. १९६५ च्या कायद्याने या देशाचे दार आपणांस उघडले. परंतु येथील घरांची दारे कृष्णवर्णीयांच्या लढ्याने उघडली.

म्हणून एक अप्रिय गोष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. आपल्यातील अनेक कुटुंबे आज चांगल्या शाळांच्या, सावलीच्या रस्त्यांवर राहतात, आणि हा कष्टाचा सार्थ मोबदला आहे. अशा रस्त्यालगत अल्प उत्पन्नगटासाठी इमारत बांधण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा विरोधाच्या अर्जावर सह्या मागितल्या जातात. रहदारी वाढेल, शाळेत गर्दी होईल, या शंका रास्त असू शकतात. त्यांची उत्तरे नगरपालिकेने दिलीच पाहिजेत. परंतु ‘वस्तीचा दर्जा घसरेल’ हे वाक्य आले की आपण सावध व्हावे. ते आपण पूर्वी ऐकले आहे. तेव्हा आपण कुसाच्या बाहेर उभे होतो.

या कुसाची किंमत पर्यावरणही मोजते. रुग्णालयात रुग्णांना उचलणारे मदतनीस, बसचालक, रात्री कार्यालये झाडणारे कामगार यांना येथे घर परवडत नाही. ते ट्रेसी, हॉलिस्टर येथून पहाटे अंधारात मोटारीने निघतात. या राज्यात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा वाहतुकीचा आहे. अपुरी झोप व वाढलेला रक्तदाब हा त्या प्रवासाचा शरीरावर उमटणारा हिशेब. छपरावर सौरपट्ट्या आणि शेजारात कामगारास मज्जाव, अशा नगरास हिरवे म्हणता येणार नाही.

उपाय आपल्या हातात आहेत. या राज्यात प्रत्येक नगरास घरबांधणीचा आराखडा करावा लागतो; आपल्या भागातील चालू आराखडे २०२३ ते २०३१ या काळाचे आहेत. नियोजन आयोगाच्या व नगरपरिषदेच्या सभा खुल्या असतात आणि तेथे बोलण्यास नागरिकत्वाची अट नाही. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून निदान एका सभेस जावे आणि रेल्वे-बसजवळ, हवा-उजेडाच्या, परवडणाऱ्या घरांच्या बाजूने बोलावे. मायदेशी शाळा, वसतिगृहे, विहार यांसाठी आपण निधी पाठवितो, तेव्हाही विचारावे : येथील मैला कोण उपसणार आहे? संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. यंत्राची तरतूद देणगीतच असावी.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य व समतेच्या जोडीस बंधुता ठेवली. बंधुतेची परीक्षा सभागृहात होत नाही, शेजारात होते. आपल्या शेजारी राहावयास येणाऱ्यास आपण कोणता पत्ता देणार आहोत, याचा निर्णय या वर्षी आपल्यापुढे येईल. तो महाडला स्मरून घ्यावा, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!