खुर्ची कुणाची आणि कुलूप कशाला?



आपल्या एमआयडीसीत चिमणीतून धूर यायला लागला की आपण आधी दोरीवरचे कपडे काढतो. सळईच्या कारखान्याचा धूर काळा आहे की पांढरा, हे कुणी कौतुकानं बघत बसत नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात रोममध्ये हजारो माणसं एका लहानशा चिमणीकडे मान वर करून उभी होती. ७ मेच्या रात्री काळा धूर आला. ८ मेच्या संध्याकाळी पांढरा आला, आणि नवे पोप निवडले गेले हे जगाला कळलं. १३३ कार्डिनलांनी मतदानाच्या चौथ्या फेरीत त्यांना निवडलं. जन्मानं अमेरिकेचे, पण पेरू देशात बरीच वर्षं काम केलेले हे लिओ चौदावे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचं काय? जालन्यात ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला मिशन हॉस्पिटल आठवतं, आणि ते मिशन तर स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट चर्चचं. ती मंडळी पोपना मानत नाहीत. कॅथलिक मानतात. आपल्या भागातले कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतात, तो १९७७ साली झाला. संख्येनं ते थोडेच आहेत. पण आज मी धर्मावर बोलणार नाही. मला बोलायचंय ते खुर्चीवर. खुर्ची रिकामी झाली की माणसं कशी वागतात, आणि भांडण टाळायला कोणते नियम कामी येतात, यावर. दहा-बारा बायकांच्या बचत गटालाही हा प्रश्न चुकलेला नाही.

आज पोपची निवड किती शांतपणे होते! मतपत्रिका गुप्त, मोजणी झाली की त्या जाळायच्या, त्याचाच तो धूर. पण यातला एकेक नियम कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेला आहे.

सुरुवातीच्या काळात रोमचे पाद्री आणि लोक मिळून पोप निवडत. मग सरदार घराणी आणि सम्राट मध्ये पडू लागले. म्हणून १०५९ मध्ये ठरलं की निवड कार्डिनलांनी करायची. तरी एकाच वेळी दोघं दोघं स्वतःला पोप म्हणवून घेत. मग ११७९ मध्ये नियम झाला की दोन तृतीयांश मतं पाहिजेत. काठावरच्या बहुमतानं निम्मं घर नाराज राहतं, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

मग आली कुलपाची गोष्ट. १२६८ मध्ये पोप वारले. कार्डिनल इटलीतल्या व्हितेर्बो गावात जमले आणि त्यांचं काही ठरेचना. एक वर्ष गेलं, दोन गेली. शेवटी गावकरी चिडले. त्यांनी या थोर मंडळींना वाड्यात कोंडलं, जेवण कमी केलं, आणि वाड्याचं छप्परही काढलं असं सांगतात. तरीही निवड व्हायला १२७१ चा सप्टेंबर उजाडला. निवडलेला माणूस तिथं नव्हताच, तो दूर पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर होता! हेच पोप ग्रेगरी दहावे. त्यांनी १२७४ मध्ये कायदाच केला की निवड करणाऱ्यांना कुलपात ठेवायचं. तीन दिवसांत निर्णय झाला नाही तर ताटात एकच पदार्थ. आणखी पाच दिवस गेले तर फक्त भाकरी, पाणी आणि थोडा द्राक्षारस. या निवडणुकीला कॉन्क्लेव्ह म्हणतात. लॅटिन भाषेतल्या या शब्दाचा अर्थच मुळी किल्ली लावून बंद करायची खोली.

पण कुलूप नुसतं आतल्यांना घाई करण्यासाठी नसतं. बाहेरच्यांना बाहेर ठेवण्यासाठीही ते लागतं. १३७८ मध्ये रोमच्या रस्त्यांवर जमाव ओरडत होता, ‘आम्हाला रोमचा, निदान इटलीचा पोप पाहिजे!’ आतल्यांनी इटलीचा निवडला, अर्बन सहावे. काही महिन्यांनी त्यांतलेच बरेच कार्डिनल म्हणाले, आम्ही घाबरून मत दिलं होतं, ते आम्हाला मान्य नाही. आणि त्यांनी दुसरा पोप निवडला. एक रोममध्ये, दुसरा फ्रान्समधल्या अविन्यों शहरात. दोन्ही बाजूंनी एकमेकांना बहिष्कृत केलं. १४०९ मध्ये मिटवामिटवी करायला गेले, तर तिसराच उभा राहिला! हे सगळं १४१७ मध्ये मिटलं. तब्बल एकोणचाळीस वर्षं.

आपल्याला हे नवं नाही. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले, आणि ताराबाईंनी मुलासाठी सांभाळलेली गादी कुणाची यावर लढाया झाल्या. एक गादी साताऱ्याला, एक कोल्हापूरला. वारणेच्या तहानं सीमा ठरायला १७३१ उजाडलं. गादी दोन झाल्या की घरंही दोन होतात.

बाहेरचा हात अगदी अलीकडेपर्यंत होता. १९०३ च्या निवडणुकीत ऑस्ट्रियाच्या सम्राटानं एका कार्डिनलमार्फत निरोप धाडला की रॅम्पोला नावाचे उमेदवार आम्हाला चालणार नाहीत. त्या वेळी निवडून आलेल्या पायस दहाव्यांनी पुढच्याच वर्षी ही पद्धत कायमची बंद केली. सम्राट व्हिएन्नाला बसून नकार कळवायचा. आपल्याकडचे सम्राट कधी कधी बैठकीच्या दाराशीच उभे असतात. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणी गल्लीतला पुढारी. सरपंच बाई आणि कारभार पतीचा, हे आपण गावोगाव पाहतो.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट सांगते. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी हीच आहे.

मुंबईच्या कॅथलिकांवर कुणाची सत्ता, यावर पोर्तुगाल आणि रोम यांच्यात फार जुना वाद होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकाच मुंबईत काही चर्च पोर्तुगीज बाजूच्या ताब्यात आणि काही थेट रोमच्या, असं चाललं. १९२८ मध्ये तडजोड झाली की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीनं एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असतील. माणसं इथली, चर्च इथलं, पण पाळी मात्र त्या दोघांची! भारतीयाचा नंबर लागणारच नव्हता.

१९३७ मध्ये ब्रिटिश पाळीचे थॉमस रॉबर्ट्स आर्चबिशप झाले. त्यांचं म्हणणं पडलं की आता इथल्या माणसाची वेळ आली आहे. नुसता राजीनामा दिला असता तर करारानुसार पुन्हा पोर्तुगीजच आला असता. म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे भारतीय पाद्री सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईबाहेर गेले. नाव यांचं, काम त्यांचं, अशी चार वर्षं गेली. १९५० मध्ये पोर्तुगालनं तो हक्क सोडला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. १९५८ आणि १९६३ या दोन्ही वेळी पोप निवडायला ते त्या कुलूपबंद खोलीत होते. १९६३ ला निवडलेले पोप सहावे पॉल पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप.

विचार करा. एका माणसानं हातातली खुर्ची मोकळी केली आणि काम करणाऱ्याला काम करू दिलं, म्हणून हे घडलं. स्वतः दूर राहिले, म्हणजे नव्या माणसाला क्षणोक्षणी मागं वळून बघायला लागलं नाही.

पोपपद सोडणं तर फारच दुर्मीळ. १२९४ मध्ये सेलेस्टिन पाचव्यांनी पाच महिन्यांत पद सोडलं, तर पुढच्या पोपनं त्यांना मरेपर्यंत कोंडून ठेवलं. २०१३ मध्ये बेनेडिक्ट सोळाव्यांनी राजीनामा दिला, तो जवळजवळ सहाशे वर्षांतला पहिला. त्यानंतर ते जवळपास दहा वर्षं मानानं राहिले. त्या निवडीत मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी मत दिलं होतं. आडनाव तेच, माणूस वेगळा. २०२५ ला मात्र त्यांना मत नव्हतं. ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्या कार्डिनलला मत नाही, हा नियम १९७० मध्ये सहाव्या पॉलनी केला, आणि ग्रेशियस यांना डिसेंबर २०२४ मध्ये ऐंशी पूर्ण झाली होती. आपल्या बाजूनं या वेळी गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव मतदानाला होते.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते, ती आपण बोललीच पाहिजे. त्या खोलीत एकही बाई मत देत नाही. २०२३ मध्ये धर्मसभेच्या मोठ्या बैठकीत बायकांना पहिल्यांदा मत मिळालं, पण पोप निवडताना अजून नाही. आपल्या गटात मात्र सगळी मतं बायकांचीच आहेत. मग ती मतं आपलीच राहतील हे बघणं आपल्या हातात आहे.

बचत गट फुटतात ते बहुतेक पैसे कमी पडले म्हणून नाही. अध्यक्षपद एकाच घरात राहतं, पासबुक एकाच कपाटात राहतं, आणि विचारायची कुणाला हिंमत होत नाही. वर्षानुवर्षं राबलेल्या अध्यक्षेलाही ‘आता बदल करू या’ हे शब्द अपमान वाटतात, कारण असं आधी काही ठरलेलंच नसतं. नियम आधी लिहिलेला असला की तो कुणा एकीवर रोखलेला वाटत नाही. ऐंशीचा नियम सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून कुणाला त्यात अपमान वाटायचं कारण नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत चार गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष किती वर्षांनी बदलणार, ते. निवड हात वर करून नाही, तर चिठ्ठीनं आणि दार लावून होणार, हे. नुसत्या एका मताच्या फरकानं नाही, तर पंधरातल्या निदान दहा जणींच्या पसंतीनं होणार, हे. आणि निवड झाली की त्याच आठवड्यात ठराव घेऊन बँकेतल्या सह्या बदलायच्या, पासबुक आणि हिशेबाच्या वह्या सगळ्यांसमोर नवीच्या हाती द्यायच्या, हे. जुन्या अध्यक्षेला त्या दिवशी नारळ आणि साडी जरूर द्या. तिनं गट उभा केलाय. पण त्यानंतर नवीला तिच्या पद्धतीनं काम करू द्या.

ही निवड संकट आल्यावर नाही, सगळं नीट चाललेलं असतानाच ठरवा. व्हितेर्बोच्या लोकांना छप्पर काढावं लागलं, कारण त्यांच्याकडे नियम नव्हता. आपल्या घरांवर आधीच पत्रे आहेत, ते तसेच राहू द्या!