सीटी स्कॅनमागचे आकडे

जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मंडला, डिंडोरीहूनही रुग्ण येतात. डोक्याला जबर मार लागलेला असला, की बहुधा सीटी स्कॅन सांगितला जातो. यंत्र फिरण्याआधी तंत्रज्ञ काही आकडे ठरवतो. आज त्यांविषयी.

पहिला किलोव्होल्टचा, म्हणजे क्ष-किरणांची भेदकशक्ती. मोठ्या माणसांना तो बहुधा १२० असतो. लहान मुलांना अनेकदा ८० किंवा १०० पुरतो. दुसरा मिलिअँपिअर-सेकंदांचा, म्हणजे किरणांचे प्रमाण. हा दुप्पट केला की शरीराला मिळणारी किरणमात्राही दुप्पट होते, पण चित्रातला दाणेदारपणा मात्र साधारण ३० टक्केच घटतो. म्हणून चित्र देखणे दिसावे एवढ्यासाठी किरण वाढवणे मला अजिबात पटत नाही. निदान होण्याइतके ते स्पष्ट असले, की पुरे. तिसरा आकडा कापांच्या जाडीचा, म्हणजे शरीराचे चित्र किती पातळ थरांत घ्यायचे त्याचा. काप पातळ घेतले, तर बारकावे दिसतात, पण दाणेही वाढतात.

रुग्ण लहान मूल असेल, तर आईवडिलांनी निःसंकोच विचारावे, "मुलांसाठीची मापे लावली आहेत ना?" आणि जुने स्कॅन जरूर सोबत न्यावेत. कधीकधी नवा काढावाच लागत नाही.