जुनी गाडी घेण्याआधी

मैत्रिणींनो, बऱ्याच जणी विचारतात, "ताई, १ लाख किलोमीटर पळालेली गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" नुसत्या आकड्यावर जाऊ नका, काटा मागं फिरवता येतो. पेडलचं रबर किती झिजलंय बघा, सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. इंजिन थंड असताना गाडी चालू करायला लावा. मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या.

आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढं तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि कर्जाची सगळी रक्कम गाडीतच घालू नका. टायर, क्लच, बॅटरी, विमा यांचे पैसे बाजूला ठेवा. नाहीतर पहिल्याच दुरुस्तीला हप्ता थकतो, अन् त्याचा भार सगळ्या गटावर येतो.