माळव्याचे पाणी आणि तरुणांचे हात
(व्याख्यानाचा मजकूर)



इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर देवास हे शहर आहे. १९७४ पासून तेथे भारत सरकारच्या नोटा छापल्या जातात. देशाचा पैसा जेथे छापला जातो, त्याच शहराला १९९० साली पिण्याचे पाणी मात्र रेल्वेच्या टाक्यांतून इंदूरहून आणावे लागले. अनुपम मिश्र यांनी आपल्या 'आज भी खरे हैं तालाब' या ग्रंथात या घटनेची नोंद केली आहे. पाण्याच्या गाडीचे स्थानकावर ढोल वाजवून स्वागत झाले, असे ते लिहितात. ज्या प्रसंगी लाज वाटावयास हवी त्या प्रसंगी वाजंत्री लावण्याची आपल्या समाजाची रीत जुनीच आहे.

हा प्रांत मुळात कोरडा नव्हे. माळव्यात पावलोपावली पाणी मिळते, अशी लोकोक्तीच होती. पवारांनी अठराव्या शतकात धार व देवास येथे आपली संस्थाने स्थापिली. त्यांच्यामागून अनेक मराठी घराणी तेथे जाऊन स्थिरावली, त्या काळी तेथील तलाव भरलेले होते. देवासच्या मीठा तलावाकाठी पवार घराण्याच्या छत्र्या आजही उभ्या आहेत. धार तर 'साडेबारा तलावांची नगरी' म्हणूनच ओळखली जाई, आणि तेथील मुंज तलावाचे नाव थेट परमार राजा मुंजाशी जोडलेले आहे. मांडूचा किल्ला याच धार जिल्ह्यात. त्या पठारावर नदी नाही, तरीही तेथे राजधानी नांदली, ती पावसाचे पाणी अडविणाऱ्या तलावांच्या व कुंडांच्या बळावर. जहाज महाल दोन तलावांच्या मध्ये बांधला आहे, तो केवळ शोभेसाठी नव्हे.

मग बिघडले कोठे? तलावांत भराव पडून त्यांवर वस्ती उठली, हे एक कारण. दुसरे अधिक खोल आहे, आणि ते शब्दशः खोल आहे. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांपासून माळव्यात विंधन विहिरींचा सपाटा सुरू झाला. या प्रदेशाखाली महाराष्ट्रातल्यासारखाच काळा पाषाण आहे. या पाषाणात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत; खाली घट्ट कातळ. वरचा थर उपसून संपला की यंत्र अधिक खाली जाते, आणि तेथे जे थोडे पाणी लागते ते पुष्कळदा जुने साठलेले असते. एका पावसाळ्यात ते भरून निघत नाही. शेजाऱ्याची नळी दोनशे फूट, म्हणून आपली चारशे, अशा चढाओढीत कर्ज मात्र वाढत जाते.

याच १९९० साली, देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडील बागली भागात काही तरुण येऊन राहिले. त्यांपैकी मिहीर शहा हे तिरुवनंतपुरम येथे अर्थशास्त्राचे संशोधन केलेले. पुढे ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले. या मंडळींनी 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था काढून नीमखेडा या आदिवासी गावापासून कामास आरंभ केला. शहरातील विद्यापीठ सोडून नर्मदेच्या खोऱ्यातील उतारावर बांध घालावयास जाणे, ही त्या वयात सोपी निवड नव्हती. त्यांची पद्धत साधी होती: माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओघळ अडवावयाचे, पाणी जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि मुरलेले पाणी कोणी किती उपसावे हे गावानेच बसून ठरवावयाचे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. बांध एका उन्हाळ्यात होतो, परंतु उपशावर लगाम घालण्यास शेजाऱ्या-शेजाऱ्यांत विश्वास लागतो. नीमखेडा येथे संस्थेने पुढे प्रशिक्षण केंद्र उभारले व त्यास बाबा आमटे यांचे नाव दिले, ही गोष्ट मराठी श्रोत्यांस निश्चितच आवडेल.

दुसरा प्रयोग सरकारी अधिकाऱ्याने केला. २००६ साली देवासचे जिल्हाधिकारी असलेल्या उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांपुढे पुण्याची नव्हे, हिशेबाची भाषा मांडली. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यास द्यावा, म्हणजे उरलेल्या नऊ हिश्श्यांत खात्रीचे रब्बी पीक निघेल. अशा तळ्यास 'रेवासागर' आणि ते खोदणाऱ्यास 'भगीरथ कृषक' ही नावे मिळाली. टोंक खुर्द भागापासून पाहता पाहता हजारो तळी झाली, आणि २००७ मध्ये राज्य शासनाने 'बलराम ताल योजना' आणली. महाराष्ट्रात अशा शेततळ्यांची एक विपरीत गत झाली आहे. पुष्कळ ठिकाणी तळ्यात प्लास्टिक अंथरून ते विहिरीच्या वा विंधन विहिरीच्या पाण्याने भरतात. पाणी अडविण्याचे साधन पाणी उपसण्याचे झाले. नाव मात्र तेच राहिले.

धार जिल्ह्याचे दुखणे निराळे. तेथे व शेजारच्या झाबुआत अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. पाणी दिसावयास निर्मळ, चवीस गोड, परंतु मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग उमटतात, आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे व सांधे आखडतात. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घातली आहे ती लिटरला दीड मिलिग्रॅमची. मातांनी विशेष ध्यानात घ्यावे असे हे आहे की पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. वाफ निघून गेल्याने उलट त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना वापरून ते काढण्याची 'नलगोंडा' रीत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने बसविली. याच संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने धार-झाबुआच्या आश्रमशाळांत, चालू शतकाच्या पहिल्या दशकात, मुलांच्या स्नानाचे पाणी गाळून शौचालयांसाठी पुन्हा वापरण्याची सोय केली. पिण्याच्या पाण्यावरचा भार तेवढा हलका झाला.

येथे तरुणांस करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते नुसत्या फावड्याचे नव्हे. महाराष्ट्रात २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेनिमित्त शहरांतील मुलेमुली श्रमदानास गेली, हे उत्तमच झाले. परंतु एका दिवसाच्या घामापेक्षा बारा महिन्यांची वही अधिक उपयोगी पडते. विहिरीची पातळी दोरीने मोजणे, शाळेतील मुलांचे दात पाहून गाववार नोंद करणे, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचविणे, ही कामे महाविद्यालयातील विद्यार्थी सहज करू शकतात. स्टॉकहोम येथे १९९७ पासून अशाच वयाच्या मुलांच्या पाणीविषयक संशोधनास पारितोषिक दिले जाते. २०२२ च्या गणनेप्रमाणे जगातील सुमारे २२० कोटी लोकांस सुरक्षित पाण्याची घरपोच सोय नव्हती. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे मन थिजते, पण एका विहिरीपुढे थिजण्याचे कारण नाही.

देवासला आता नर्मदेचाही आधार आहे. २०१४ साली ओंकारेश्वरकडून नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्यात आले. मात्र ते पाणी डोंगर चढते ते विजेच्या बळावर, आणि ती वीज फुकट मिळत नाही.

महाजन कुटुंबांस तळीचे महत्त्व सांगणे नको. मंगेशीच्या देवालयाची तळी ही त्या परिसरातील सर्वांत प्राचीन वास्तू मानली जाते. प्रत्येक तळीस पायऱ्या असतातच. दर महिन्याच्या पौर्णिमेस पाणी कितव्या पायरीवर आहे, हे महाजनांच्या मुलांपैकी कोणी एकाने देवालयाच्या वहीत लिहावे. त्यास खर्च येतो तो एका पेन्सिलीचा, आणि येत्या पावसाळ्याची वाटही पाहावी लागत नाही.